सोबत्याची चाल



शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी पालखी आपण बुलढाणेकर दरवर्षी पाहतो. आपल्या ख्रिस्ती बांधवांचीही अशी पदयात्रा आहे. ३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणासाठी बेळगाव, सावंतवाडी, कारवार भागांतून भाविक जुन्या गोव्याला चालत जातात.

आपण मित्रासोबत असे निघायचे ठरवले, तर तयारी कोणती करावी? रोज पहाटे चालण्याचा सराव करावा. पायांत सवयीच्या चपला असाव्यात. पिशवी हलकी ठेवावी. प्रभू येशूने बारा शिष्यांना पाठवले, तेव्हा भाकरी, झोळी, पैसे काहीच घेऊ दिले नाही. काठी, वहाणा आणि सोबती एवढेच दिले (मार्क ६:७-९).

पण सोबत्याची चाल आपल्यासारखी नसते. त्याचा गुडघा दुखतो, आपल्याला घाई असते. तेव्हा थांबणे हीच आपली तपश्चर्या. म्हणून निघण्यापूर्वी पापनिवेदन करावे, आणि मित्राविषयी मनात जुनी अढी असेल तर ती बोलून काढून टाकावी. अम्माऊसच्या वाटेवर दोघे एकमेकांशी बोलत होते, तेव्हा प्रभू स्वतः त्यांच्याबरोबर चालू लागला (लूक २४:१५).

या आठवड्यात आपण त्या मित्राच्या दारापर्यंत तरी चालत जाऊ या.