‘नंतर द्या’चा हिशेब

मोबाइलवर खरेदी करताना पैसे भरायच्या पानावर ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ असा पर्याय येतो. त्याला ‘सुविधा’ म्हणतात आणि हाच शब्द खटकतो. हजार-दोन हजारांचे बूट, तीन हप्ते, व्याज शून्य. ‘कर्ज’ हा शब्द ठळकपणे कुठेच नाही. प्रत्यक्षात दुकानदाराला पैसे लगेच मिळतात. ते देते एखादी वित्तकंपनी, आणि तिची कमाई येते दुकानदाराने मोजलेल्या कमिशनमधून आणि ग्राहकाच्या दंडातून. समजा, हजाराचा हप्ता पंधरा दिवस लांबला आणि शंभर रुपये दंड बसला, तर वर्षाच्या हिशेबाने तो दर सुमारे २४० टक्के पडतो. कागदोपत्री व्याज मात्र शून्यच राहते.

उधारी वेगळी आणि कर्ज वेगळे, हे आपल्या भाषेला पक्के ठाऊक आहे. किराणा दुकानाच्या वहीत नावापुढे तारीख, ‘तेल १ किलो, साखर २’, आणि पगार झाला की त्यावर आडवी रेघ. गिऱ्हाइकाचा कारखाना बंद पडला हे दुकानदाराला ठाऊक असते, म्हणून तो थांबतो; स्वतःचे भांडवल अडकलेले असते, म्हणून वेळेवर हातही आखडतो. कर्जात माणसाची ओळख लागत नाही, कागद पुरतो. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून दंगे पसरले तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांची खते-रोखे हुडकून जाळले. ज्या कागदावर अंगठा उमटवला तो वाचताच येत नव्हता, हे त्या रागाचे एक मोठे कारण होते. म्हणून १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने खत निबंधकासमोर करणे, हिशेब दाखवणे, पावती देणे ही बंधने घातली आणि न्यायालयाला कागदामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा दिली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२मध्ये डिजिटल कर्जांसाठी वार्षिक दरासह मुख्य अटींचे विवरणपत्र सक्तीचे केले, तो त्याच वाटेवरचा टप्पा आहे.

यावर कर्जाला आर्थिक समावेशनाचा कणा मानणारे म्हणतील, की खाते उघडून पोट भरत नाही. २०१४पासून जनधनची पन्नास कोटींहून जास्त खाती झाली, पण त्यांतल्या बहुतेकांना क्रेडिट कार्ड कोण देणार? पत हा मानवी हक्क असल्याचे बांगलादेशात गरिबांना छोटी कर्जे देणाऱ्या ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस सांगत आले. या म्हणण्यात वजन आहे. ‘त्यांची कर्जे धंद्यासाठी होती, ही बुटांसाठी आहेत’ असे उत्तर सुचते खरे, पण ते टिकत नाही. घरपोच माल देणाऱ्या पोऱ्याचा फोन चैन की हत्यार, हे दुसऱ्याने का ठरवावे? शिवाय ज्या उधारीची एवढी बाजू घेतली तिच्यातही खोट आहे. भिवंडीच्या यंत्रमागावर काल आलेल्या परप्रांतीय कामगाराला वहीत पान मिळत नाही. नवऱ्याच्या नावाशिवाय बाईला मिळणे अवघड. ओळखीवर चालणारी वही जातही ओळखते. आणि ती आडवी रेघ? दहा वर्षे चोख फेडले तरी त्याचा पुरावा दुकानाबाहेर जात नाही. म्हणजे गरिबाला हवी ती नुसती उसनवार नव्हे. फेडल्याची नोंद हवी, जी पुढे शिलाई यंत्राच्या किंवा रिक्षाच्या कर्जाला उपयोगी पडेल.

२०२२च्या नियमांनी असे पुढे ढकललेले देणेही पतमाहिती कंपन्यांना कळवणे बंधनकारक केले, हे म्हणूनच योग्य. पण नोंद दुधारी असते. केनियात २०१२ला मोबाइलवरून छोटी कर्जे देणारी ‘एम-श्वारी’ ही सेवा आली. तीस दिवसांच्या कर्जाला साडेसात टक्के शुल्क. पाठोपाठ बरीच ॲप्स आली आणि किरकोळ थकबाकीपायी लोक पतयादीत काळे ठरू लागले. अखेर एप्रिल २०२०मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने हजार शिलिंगांच्या, म्हणजे साधारण सातशे रुपयांच्या, आतली थकबाकी प्रतिकूल नोंदीतून वगळली. अशी मर्यादा भारतातही हवी. वेळेवर भरलेला दोनशेचा हप्ताही नोंदवा. चुकलेला चारशेचा हप्ता मात्र पुढच्या गृहकर्जाच्या आड येऊ देऊ नका. ते चारशे बुडाले तर कंपनीचे बुडू द्यावेत. आपलेच पैसे अडकतात म्हटल्यावर तीही किराणा दुकानदारासारखी समोरच्याची ऐपत बघून देईल, आणि अंगावर चार ॲपची थकबाकी असलेल्याला पाचवे कर्ज देताना थांबेल.