उष्टें कोणीं काढावें?

खाण्यापिण्याचे जिन्नस कशांत बांधून घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहतां दुकानदाराचा व गृहिणीचा दिसतो. नीतिशास्त्राशीं त्याचा कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. अलीकडे मात्र सुशिक्षित घरांत या प्रश्नाचा बराच ऊहापोह होऊं लागला आहे. मंगलकार्यांत थर्माकोलच्या ताटल्या नकोत, पत्रावळी हव्यात. चहा प्लास्टिकच्या पेल्यांत नको, कागदाच्या पेल्यांत चालेल. बाजारांत कापडी पिशवी न्यावी, असे निर्णय आपण करतों, आणि तेवढ्यानें आपलें कर्तव्य संपलें अशा समाधानानें स्वस्थ होतों. हें समाधान कितपत रास्त आहे, तें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम द्रव्याचाच विचार करूं. कागदाच्या ज्या पेल्यास आपण निरुपद्रवी समजतों, त्याच्या आंतल्या अंगास बहुधा प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. तो नसता तर कढत चहानें पेला भिजून गळूं लागला असता. या थरामुळें तो पेला मातींत धड कुजत नाहीं आणि कागदाच्या गिरणींतही सहज घेतला जात नाहीं. मक्यासारख्या धान्यापासून बनविलेलें 'कुजणारें' प्लास्टिक पाहावें, तर तें कुजण्यास सुमारें ६० अंश उष्णता व मुद्दाम चालविलेली खतशाळा लागते; ओढ्याकाठीं फेकलें तर तें दीर्घकाळ तसेंच पडून राहतें. कापडी पिशवीची कथा अधिक बोधप्रद आहे. इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण संस्थेनें २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, हवामानावरील परिणामापुरतें बोलावयाचें तर सुती पिशवी १३१ वेळां वापरावी, तेव्हां कोठें ती एकदांच वापरलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करते. म्हणजे पिशवीचें पुण्य कापडांत नसून ती वारंवार नेणाऱ्या हातांत आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, नव्या वस्तूंच्या या भानगडींत पडावेंच कशाला? पळसाच्या पानांच्या पत्रावळी नि द्रोण वाडवडिलांनीं शोधून ठेवलेच होते. जेवण झालें कीं टाकाव्या, मातीची माती! या बोलण्यांत तथ्य आहे, पण अर्धेंच. एकदां वापरून टाकण्याची रीति प्लास्टिकनें आणली नाहीं. ती आपल्या पंक्तींतच होती. फरक इतकाच कीं, त्या काळचा टाकाऊ जिन्नस माती पचवीत असे. परंतु पंक्तीपासून उकिरड्यापर्यंत पत्रावळ आपल्या पायांनीं चालत गेली नाहीं. ती कोणीतरी उचलली, आणि उकिरड्यावर तिला जो शिवे त्याची जात बहुधा ठरलेली होती. तिच्यावर उरलेलें अन्न हीच कित्येकांची मजुरी होती. १९२७ सालीं महाडच्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं आपल्या बांधवांस उष्टे तुकडे व मेलेल्या जनावरांचें मांस टाकून देण्याचा उपदेश केला, तो याच व्यवस्थेविरुद्ध होता. पत्रावळीनें मातीचा अपराध केला नाहीं. माणसाचा मात्र तिच्या आडून झाला.

ती व्यवस्था आज नाहींशी झाली असें म्हणवत नाहीं. प्लास्टिक कुजत नसल्यामुळें उलट उचलण्याचें काम वाढलें. शहरांतील कचरा चिवडून बाटल्या व डबे वेगळे करणारांत दलित स्त्रियांचा भरणा मोठा आहे. पुण्यांत १९९३ सालीं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना उभी राहिली, ती आपले कष्ट हें काम म्हणून मानलें जावें यासाठीं. आमटीनें बरबटलेला डबा न विसळतां कचऱ्यांत लोटतांना ती आमटी कोणाच्या हातांवर जाते, हें आपणांस दिसत नाहीं, एवढेंच.

म्हणून वेष्टनाची निवड करितांना 'हें कशाचें बनलें आहे?' या प्रश्नाबरोबर 'माझ्यामागून हें कोण उचलील, आणि त्याला त्याबद्दल काय मिळेल?' हाही प्रश्न विचारला पाहिजे. मुंबईंत आरेच्या दुधाची रिकामी काचेची बाटली परत करून भरलेली घेण्याचा प्रघात होता, तेव्हां या प्रश्नाचें उत्तर रोज पहांटे न बोलतां दिलें जात असे. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं प्लास्टिकबंदी केली, तींत दुधाच्या पिशव्या वगळल्या. पण त्या मोल देऊन परत घेण्याची अटही घातली. विकणारानें व वापरणारानें मिळून वस्तूचा शेवट पाहावा, हें तत्त्व दोन्हींकडे एकच आहे.

या कसोटीला मर्यादाही आहेत. ज्या वेष्टनानें दूध नासत नाहीं किंवा औषध बिघडत नाहीं, त्याला सरसकट दोष देणें योग्य नव्हे. आणि दिवसाच्या मजुरींतून तेलाची लहान पुडी घेणाऱ्यास मोठा डबा भरून ठेवण्याचा उपदेश करणें तर निर्दयपणाचें होईल. उलट, कार्यांत स्टीलचीं ताटें वापरलीं म्हणून यजमानानें लगेच अभिमान बाळगूं नये. तीं ताटें मध्यरात्रीं, अपुऱ्या मजुरींत, कोणी घासलीं हेंही त्यानें पाहावें.

जेवण झालें कीं आपलें ताट आपण उचलावें, असें आपण मुलांना शिकवितों. तो धडा उंबरठ्याच्या आंतच राहिला तर ती केवळ घरची शिस्त होय. उंबरठ्याबाहेर गेला तरच त्यास नीति म्हणतां येईल.