कडीचा धनी कोण?

वाचकहो, खून, चोरी व लबाडी ही वाईट होत, ह्याविषयी कोणत्याही गावात दुमत नाही. परंतु ज्या ठिकाणी कोणी काही केलेच नाही, आणि न केल्यामुळेच अनर्थ झाला, त्या ठिकाणी दोष कोणाच्या पदरी घालावा, ह्या प्रश्नापाशी शहाणी माणसेही घुटमळतात. हा प्रश्न तपासण्यास आपण एक अगदी क्षुल्लक वस्तू हाती घेऊ, ती म्हणजे दाराची कडी. घरच्या दाराची नव्हे, कारण तिचा धनी सर्वांस ठाऊक असतो. शाळा, चावडी, धर्मशाळा, उपासनागृह अशा ज्या इमारती सर्वांच्या म्हणविल्या जातात, त्यांच्या दाराची कडी घेऊ. ती निखळली असता तिच्याबद्दल जबाबदार कोण?

प्रथम दार म्हणजे काय ह्याचा विचार करावा. भिंत सर्वांस सारखीच अडवते. दार मात्र मनुष्याचे ऐकते. ज्यास यावयाचे त्यास ते येऊ देते, आणि जे बाहेर राहावे ते बाहेर ठेवते. हे ऐकण्याचे सामर्थ्य फळ्यांत नाही. ते बिजागरी, कडी, कोयंडा व बोल्ट ह्या चार तुकडे लोखंडात आहे. बिजागरी अडली की दाराची भिंत होते, आणि कडी गेली की दाराचे भगदाड होते. सुतार जी चौकट मोठ्या कष्टाने बसवितो, तिचा सर्व उपयोग ह्या तळहाताएवढ्या वस्तूंवर टांगलेला असतो.

आता बिघाड कसा होतो हे पाहावे. कारण नीतीचा निवाडा त्यावरच अवलंबून आहे. दाराचे सर्व वजन एका बाजूस लोंबते. त्यामुळे खालची बिजागरी चौकटीकडे दाबली जाते, आणि वरची बाहेर ओढली जाते. म्हणून बहुधा वरच्या बिजागरीचे मळसूत्री खिळे प्रथम ढिले होतात. ते सुताभर सरकले की दाराचे मोकळे टोक खाली येते, उंबरठ्यास घासते, आणि बोल्ट आपल्या भोकासमोर येत नाही. मग लोक दार उचलून लावतात, पुढे गुडघ्याने रेटतात, आणि शेवटी लाथ मारतात. प्रत्येक लाथेने भोक रुंदावते, आणि एके दिवशी खिळा हातात येतो. तिकडे पावसाळ्यात लाकूड ओल शोषून रुंदीस फुगते, लांबीस जवळजवळ नाही; म्हणून आषाढात दार चौकटीत अडकते आणि मार्गशीर्षात पुन्हा सैल होते. लोखंडास हवा व पाणी मिळून गंज चढवितात, आणि कोकणात समुद्राचा खारा वारा हे काम अधिक त्वरेने करतो.

ह्यात ध्यानात धरण्याजोगी गोष्ट ही की, कडी एकाएकी मोडत नाही. ती आधी कुरकुरते, मग अडते, मग हलते, आणि मग निखळते. महिनेच्या महिने ती येणाऱ्याजाणाऱ्यास आपली अवस्था सांगत असते. जो रोज दार उचलून लावतो, त्यास दार बिघडले आहे हे ठाऊक नाही असे म्हणता येईल काय? त्याच्या हातास ते ठाऊक आहे. केवळ मनाने त्याची दखल घेतलेली नाही. तेव्हा अज्ञानाची सबब येथे चालावयाची नाही.

धनी नसलेले लोखंड काय करू शकते ह्याचे एक भयंकर उदाहरण इतिहासात आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर संडरलंड नावाचे शहर आहे. तेथील व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी मुलांकरिता जादूचा खेळ होता. खेळाच्या शेवटी खाली बक्षिसे वाटली जाऊ लागली, तेव्हा वरच्या सज्जातील मुले आपणास मिळणार नाहीत ह्या भीतीने जिन्यावरून धावली. जिन्याच्या पायथ्याचे दार आतल्या बाजूस उघडणारे होते, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून ते बोल्टाने अडकविलेले होते. पुढची मुले अडली, मागची येतच राहिली. बोल्ट मुलांच्या बाजूस असल्यामुळे मदतीस धावलेल्या मोठ्या माणसांस तो काढता येईना. फटीतून एकेक मूल ओढून काढावे लागले. त्या दिवशी १८३ मुले मेली. पुढे दोन चौकश्या झाल्या, परंतु तो बोल्ट कोणी घातला हे अखेरपर्यंत ठरले नाही, व कोणासही शिक्षा झाली नाही. तेथे लोखंड मोडलेले नव्हते. ते आपले काम चोख करीत होते. परंतु त्या बोल्टावर आज लक्ष कोणी ठेवावयाचे, असे विचारले असता उत्तर देणारा मनुष्य नव्हता. ह्यानंतर सार्वजनिक जागांची दारे बाहेर उघडावी असे कायदे झाले, आणि १८९२ साली रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज ह्याने आतून ढकलताच सुटणाऱ्या बोल्टाचे पेटंट घेतले. कायदा व युक्ती दोन्ही आली, पण १८३ मुले गेल्यावर आली.

कोणी म्हणेल, एवढी मोठी गोष्ट आमच्या गावी कोठे घडते? ठीक आहे, लहान गोष्ट घेऊ. आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलगे व मुली ह्यांकरिता निरनिराळी स्वच्छतागृहे असावीत असे ठरविले. कायदा खोली मागू शकतो; परंतु तिची कडी आज सकाळी लागते की नाही हे पाहण्यास कायद्यास डोळे नाहीत. जेथे मुलींच्या खोलीची कडी निखळली आहे, तेथे काय होते? मुलगी दिवसभर पाणी पीत नाही. मैत्रीण दार धरून उभी राहिली तरच आत जाते. महिन्याच्या त्या दिवसांत घरीच राहते, आणि अशा गैरहजेरीची सवय होऊन एखादे वर्षी शाळा सोडते. तिने शाळा का सोडली, असे विचारले असता आई म्हणते, तिचे मन लागेना. कडीचे नाव कोणी घेत नाही. संडरलंडास कडी उघडेना म्हणून घात झाला. येथे लागेना म्हणून होतो, आणि त्याचा आवाजही होत नाही.

आता सबबी ऐकू. पहिली सबब, मी ती मोडली नाही. हे खरे असेल. परंतु मोडण्याचा दोष निराळा, आणि मोडलेली पाहून तशीच ठेवण्याचा दोष निराळा. पहिला सिद्ध झाला नाही म्हणून दुसरा धुतला जात नाही.

दुसरी सबब, हे काम नेमलेल्या माणसाचे आहे. पूर्वी आपल्या गावगाड्यात सुतारास दर नगाचे पैसे मिळत नसत. शेतकऱ्याचा नांगर व कुळव वर्षभर चालता ठेवावा, आणि सुगीस धान्याचे बलुते घ्यावे, अशी रीत होती. वस्तू जितकी कमी मोडेल तितके सुताराचे श्रम कमी होत, म्हणून ती मोडू न देण्यात त्याचेही हित असे. त्या व्यवस्थेत काम जन्मावरून लादले जात असे, आणि त्यातील अन्याय आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी सोसला. ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती जाताना वस्तू चालती ठेवण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न मात्र उघडा राहिला. आज नवे दार बसविण्यास निधी मिळतो. जुन्या दारास तेल घालण्यास कोणी मिळत नाही.

तिसरी सबब सर्वांत वजनदार आहे. मी एकदा दुरुस्त केली, तर पुढे ते माझ्याच गळ्यात पडेल, आणि बाकीचे सुस्त होतील. हे घडते, ह्यात शंका नाही. ज्यास दिसते त्यालाच राबविणे ही समाजाची जुनी खोड आहे, आणि तिचा भार बहुधा बायकांवर व गरिबांवर पडतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे. ज्याच्या दृष्टीस दोष प्रथम पडला, त्याजकडे पहिले कर्तव्य आले. ते त्याने हाताने करावे, अथवा तोंडाने चारचौघांत बोलून दाखवावे. परंतु पहिले कर्तव्य म्हणजे एकट्याचे कर्तव्य नव्हे. त्याने सांगितल्यावर इतरांचीही दृष्टी उघडली, म्हणून तेही ऋणी झाले. जे ऐकून गप्प राहतात, ते पाहणाऱ्याहून अधिक दोषी आहेत. कारण त्यांनी कडीही सोडली आणि माणूसही एकटा सोडला.

ह्याकरिता थोर त्याग लागत नाही. मृग लागण्यापूर्वी एकदा व दिवाळीनंतर एकदा, पाळीपाळीने दोघांनी मिळून सर्व दारेखिडक्या उघडून लावून पाहाव्या. दार घासते म्हणून लगेच रंधा मारू नये. आधी वरच्या बिजागरीचे खिळे आवळावे, नाहीतर पावसाळ्यात तासलेले दार उन्हाळ्यात खुळखुळेल. भोक रुंदावले असेल तर सरस लावून लाकडाची खुंटी ठोकावी, ती वाळल्यावर सपाट तासावी आणि खिळा नव्याने बसवावा. गोडे तेल कुरकुर थांबविते, पण पुढे चिकट होऊन धूळ धरते. शिलाईच्या यंत्राचे पातळ तेल बरे. कुलपात तेलाऐवजी पेन्सिलीच्या शिशाची भुकटी घालावी. रंग देताना दाराची वरची व खालची कड विसरू नये, कारण पाणी तेथूनच अधिक शिरते. आणि मुलींच्या खोलीची कडी, मोठ्यांनी नव्हे, एखाद्या लहान मुलीने आतून लावून व काढून पाहावी. तिच्या हातास ती लागली व निघाली, तरच ती नीट आहे असे समजावे.

कडीचा धनी कोण, ह्याचे उत्तर सातबाऱ्यावर सापडावयाचे नाही. ज्याचा हात तिच्यावर पडून अडखळला, तो त्या दिवसापुरता तिचा धनी होय.