सख्याची मर्यादा



गेल्या श्रावणात एक भगिनी मठात आली. बेळगावकडच्या एका शाळेत ती शिक्षिका आहे. नमस्कार करून बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "अप्पाजी, मैत्रिणीची शपथ मोडली तर पाप लागते का?"

हकीकत अशी. तिची बालमैत्रीण मनोरुग्णालयात दाखल होती. आजाराचे नाव डॉक्टरांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असे सांगितले होते. एका भेटीत मैत्रिणीने तिच्या कानात सांगितले की, रोजच्या गोळ्यांपैकी काही ती न गिळता साठवून ठेवते आहे, आणि लगेच हात धरून शपथ घातली, "कुणाला सांगितलेस तर आपली मैत्री संपली." भगिनी घरी आली, रात्रभर तळमळली आणि पहाटे तिने वॉर्डातल्या सिस्टरला फोन केला. गोळ्या सापडल्या. त्या दिवसापासून मैत्रीण तिच्याशी एक शब्द बोलत नव्हती.

आपण महाभारतातील कर्णपर्व आठवावे. 'गांडीव दुसऱ्याला दे' असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती; आणि नेमके तेच शब्द रागाच्या भरात युधिष्ठिर बोलून गेला. अर्जुनाने सख्ख्या भावावर तलवार उपसली. तेव्हा श्रीकृष्णाने त्याला कौशिक तपस्व्याची गोष्ट सांगितली. कौशिकाचे व्रत सत्य बोलण्याचे. लपलेली माणसे कुठे आहेत ते त्याने दरोडेखोरांना खरेखरे सांगितले, ती माणसे मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. ज्या शब्दाने जीव जाईल तो पाळण्यात पुण्य नाही, हा निर्णय इतका जुना आहे. आम्ही त्या भगिनीला म्हटले, "पाप लागलेच असेल तर ते रात्रभर थांबल्याचे. तिथून उठून सरळ सिस्टरकडे जायला हवे होते."

परंतु वाचकहो, प्रश्न एवढ्यावर सुटत नाही. शपथ मोडणे सोपे, मोडल्यानंतर मित्र म्हणून उभे राहणे कठीण.

हा आजार म्हणजे काय, ते थोडके सांगतो. 'बॉर्डरलाइन' हा शब्द ॲडॉल्फ स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी १९३८ साली वापरला. दोन प्रकारच्या मनोविकारांच्या सीमेवरचा हा विकार, अशी तेव्हाची समजूत होती. समजूत मागे पडली, नाव राहिले. (नाव एकदा चिकटले की सुटत नाही, हे आम्हा सीमाभागातल्या माणसांना कुणी शिकवायला नको.) ह्या रुग्णांच्या भावना अंगावरची कातडी सोलल्यासारख्या असतात. सोडून दिले जाण्याचे भय त्यांना सतत असते. फोन उचलायला उशीर झाला, भेटीत घड्याळाकडे नजर गेली, एवढेही पुरते. आज जो देवासमान तोच उद्या वैरी ठरतो. स्वतःला इजा करणे, जीव देण्याचा प्रयत्न करणे हेही घडते, आणि नातलग म्हणतात, "हिची नाटके आहेत." ही नाटके नव्हेत. वेदना खरी असते. ती सोसण्याचे साधन तेवढे हाती आलेले नसते.

ह्या आजारावर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लाइनहन यांनी एक उपचारपद्धती घडवली, तिचा ग्रंथ १९९३ साली आला. २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले की, १९६१ साली सतराव्या वर्षी त्या स्वतःच हार्टफर्ड येथील रुग्णालयात दाखल होत्या, आणि तिथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. त्यांच्या पद्धतीत दोन गोष्टी एकत्र धरलेल्या आहेत : माणूस आहे तसा स्वीकारायचा, आणि त्याने बदलायचे आहे हेही सोडायचे नाही. आम्हाला वाटते, मित्रालाही हेच दोन्ही हात हवेत. "तुला किती त्रास होतो आहे ते मला दिसते" हा एक हात. "तरीही गोळ्यांची गोष्ट मी लपवणार नाही" हा दुसरा. पहिल्या भेटीतच हे सांगून ठेवावे. म्हणजे पुढे शपथ घालण्याची वेळच येत नाही.

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो. पाठशाळेत आमचा एक सहाध्यायी होता. अमरकोश आम्हा दोघांनी एका चटईवर बसून पाठ केला. पुढे त्याला असाच काही आजार जडला. त्या काळी कुणी त्याला नाव दिले नाही. तो रुग्णालयात होता तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, "केव्हाही हाक मार, रात्री-अपरात्री येईन." महिनाभर गेलो. तो कधी पाया पडे, कधी ताट भिरकावी. मग आम्ही दमलो. दमलो असे सांगितले मात्र नाही. मठाच्या कामाचे निमित्त काढून जाणेच बंद केले. तो वाचला. अनेक वर्षांनी एका लग्नात भेटला तेव्हा म्हणाला, "येणार नाही असे सांगितले असतेत तर मी ते सोसले असते. संध्याकाळी दाराकडे बघत बसणे सोसले नाही." आम्ही त्याला काय उत्तर देणार?

मठातल्या दासोहाकडे पाहावे. पंगतीची वेळ ठरलेली असते. चोवीस तास कढई चुलीवर ठेवली तर आचारी आठ दिवसांत पळून जाईल. पण ठरल्या वेळी दार उघडतेच, म्हणून दूरच्या गावाहून आलेला भुकेला निश्चिंतपणे ओसरीवर पडून राहतो. मित्रानेही असेच करावे. आठवड्यातून एकच दिवस जमत असेल तर एकच सांगावा आणि तो चुकवू नये. चुकणारच असेल तर आधी कळवावे. डॉक्टर-सिस्टर यांच्याबद्दल मित्र कडू बोलला तर ऐकून घ्यावे, त्याच्या बाजूने भांडायला उठू नये, आणि त्याला खोटेही पाडू नये. वॉर्डात जे नेण्यास बंदी असेल ते, लाडाने मागितले तरी, नेऊ नये.

कायद्यानेही आता मित्राला स्थान आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर लिहून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. तो नातलगच असावा असे नाही. कुणी तुमचे नाव लिहू म्हटले तर भावनेच्या भरात 'हो' म्हणू नका. चार दिवस मागून घ्या.

आणि डिस्चार्ज झाला म्हणजे सुटलो, असे समजू नये. घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडेच जिवाला अधिक धोक्याचे असतात. वॉर्डात चोवीस तास कुणीतरी असते. घरी दुपारी दोन वाजता कुणी नसते. त्या दिवसांत फोन करण्याची वेळही ठरवून घ्यावी.

बरे होणे दुर्मिळ नाही. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात दाखल झालेल्या २९० रुग्णांचा पाठपुरावा तिथल्या संशोधकांनी १० वर्षे केला. त्यांपैकी ९३ टक्क्यांची लक्षणे निदान दोन वर्षे तरी ओसरलेली राहिली. नोकरी आणि नाती ह्यांसह आयुष्य नीट उभे राहणे मात्र निम्म्यांनाच साधले. म्हणजे रस्ता आहे, पण लांबचा आहे.

त्या भगिनीला आम्ही एवढेच सुचवले : जाऊन स्वतःच्या तोंडाने सांग की मी कळवले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा कळवीन, आणि दर गुरुवारी शाळा सुटल्यावर येईन. ती गेली. मैत्रीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. हिने सांगायचे ते सांगितले आणि स्टुलावर बसून वह्या तपासू लागली. दुसरा गुरुवार तसाच गेला, तिसराही. चौथ्या गुरुवारी रिक्षा मिळेना म्हणून तिला दहा मिनिटे उशीर झाला. मैत्रीण खाटेवर उठून बसली होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली, "चार वाजून गेले."