बांधाखालचं पाणी

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य कोपऱ्यात सस्क्वेहाना नावाचा जिल्हा आहे. डोंगराळ, दुभत्या जनावरांचा. तिथले बांध दगडी. नांगराला लागलेले निळसर, चपटे दगड पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक रचलेले. अशाच एका बांधाच्या दोन अंगांना दोन शेतकरी राहत, एक टेकडीच्या माथ्याकडे, दुसरा उताराला. आपण त्यांना वरचा आणि खालचा म्हणू. माणसं माझ्या मनातली आहेत, मुलूख खरा आहे.

२००६ च्या सुमारास तिथे कंपन्यांचे लोक फिरू लागले. जमिनीखाली दोनेक किलोमीटरवर मार्सेलस नावाचा काळा खडक आहे, त्यात वायू कोंडलेला. तो काढायचा तर शेतकऱ्याची सही हवी. वरच्याकडे आलेल्या माणसाने आधी गाईंची चौकशी केली, मग कॉफी घेतली आणि मग कागद काढला. एकरी २५ डॉलर, शिवाय निघेल त्या वायूच्या किमतीत साडेबारा टक्के. वरच्याच्या गोठ्याचं छप्पर गळत होतं, दुधाचा भाव खर्चालाही पुरत नव्हता. त्याने सही केली. दोन-तीन वर्षांत त्याच मुलखात एकरी हजारो डॉलर मोजले गेले, पण गरजू माणसाला भाव थांबून विचारता येत नाही.

खालच्याने सही केली नाही. पुढे खोदाईच्या तोंडावर एक पोरगा आसपासच्या विहिरींचे नमुने घ्यायला आला. आधीचं पाणी कसं होतं याची नोंद कंपनी आपल्याच बचावासाठी ठेवते. खालच्याने त्याला फाटकातूनच परत पाठवलं. "ज्यांच्याशी माझा व्यवहार नाही, त्यांना माझं पाणी कशाला?" बाणा म्हणून मला हे आवडतं. पण तो त्याला महागात पडला.

वरच्याच्या कुरणात लोखंडी मनोरा उभा राहिला. रात्रंदिवस ट्रक. खडक फोडायला एकेका विहिरीत कोटीभर लिटरच्या वर पाणी, वाळू आणि रसायनं जोराने दाबली जातात. ते सगळं फार खाली. भीती असते ती वरच्या काहीशे फुटांची, कारण वायूची विहीर पिण्याच्या पाण्यातूनच खाली जाते. मध्ये पोलादी नळ आणि त्याभोवती सिमेंट. त्या सिमेंटात कुठे फट राहिली, तर वायू नळाच्या कडेने वर चढतो आणि पाण्यात शिरतो.

एका सकाळी खालच्याच्या बायकोने नळ सोडला, तर पाणी विरजण लावल्यासारखं पांढुरकं. मिनिटभरात निवळलं. तिने बरणी अर्धी भरली, झाकण लावून हलवली, झाकण किलकिलं करून काडी ओढली. बरणीच्या तोंडावर निळी ज्योत उभी राहिली. मिथेनला ना रंग, ना वास.

माणसांनी बाटल्यांवर भागवलं. गाईंचं काय? दुभत्या गाईला दिवसाला शंभर लिटर पाणी लागतं, आणि याच्याकडे चाळीस गाई.

सरकारी तपासनीस आला. "आधीचे अहवाल?" खालच्याने दुधाच्या परवान्यासाठी केलेल्या तपासण्यांचे कागद पुढे केले. त्यात जंतू पाहिले होते. वायू कोण बघणार? या डोंगरांत मिथेन मुळातच असतो, असं कंपनीचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

वरच्याचं पाणी मात्र नितळ राहिलं. गोठ्यावर नवं छप्परही चढलं. खालचा रोज पहाटे चार वाजता ट्रॅक्टरला टाकी जोडून गावाकडे जातो, हे त्याला माथ्यावरून दिसायचं. महिनाभर त्याने ते पाहिलं. मग एका सकाळी तो पहार घेऊन बांधाशी आला आणि दगड काढू लागला. खालचा धावत आला.

"माझ्या बांधाला हात लावू नकोस."

"नळी घालायचीय."

"कशाची?"

"पाण्याची."

"वायूच्या पैशांतली?"

"हो."

खालचा उभाच राहिला. मागे गाई हंबरत होत्या. मग त्याने वाकून दुसरा दगड उचलला.

वरच्याने आपल्या विहिरीचा खोदाईआधीचा अहवालही त्याला दिला. पैसे देणाऱ्या कंपनीविरुद्ध तो कागद जाणार, हे ठाऊक असूनही. खालचा तो घेऊन कचेरीत गेला. उत्तर आलं: ही विहीर वेगळी, मालक वेगळा, पुरावा धरता येत नाही. दोन विहिरींमध्ये दोनशे पावलांचं अंतर होतं.

त्याच जिल्ह्यात डिमॉक इथे १ जानेवारी २००९ ला एका घराच्या विहिरीत साठलेला वायू भडकला आणि वरचं काँक्रीटचं झाकण फुटलं. तिथल्या कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये फौजदारी आरोप लढवणं सोडलं आणि नव्या नळयोजनेसाठी १ कोटी ६२ लाख ९० हजार डॉलर देण्याचं कबूल केलं. मधे जवळजवळ चौदा वर्षं गेली.

वरच्या-खालच्याची काळी नळी अजून बांधातून जाते. थंडी पडायच्या आधी ती गोठू नये म्हणून दोघं तिच्याभोवती गवत गुंडाळतात. एक वरून सुरुवात करतो, एक खालून.