मागून आणलेली पेटी

कोकणातल्या वाडीत गणपतीच्या दिवसांत एकच पेटी घरोघर फिरते. एका घरची आरती आणि भजन आटोपले की मृदंग, झांजा, चकी घेऊन मंडळी पुढच्या घराची वाट धरतात. पेटी कोणीतरी डोक्यावर घेतो. पाऊस असेल तर प्लॅस्टिकचा कागद आधी पेटीवर पडतो, नेणारा भिजला तरी चालतो. ही पेटी कोणाची, असे विचारले तर उत्तर तीन तऱ्हांनी येते: बुवांची, मंडळाची, नाहीतर देवाची. पुष्कळदा एकाच पेटीबद्दल तिन्ही उत्तरे ऐकू येतात आणि ती देणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही. मालकी म्हणजे नेमके काय, या जुन्या प्रश्नाला हात घालायला ही पेटी शेताच्या बांधापेक्षा किंवा सोन्याच्या दागिन्यापेक्षा अधिक सोयीची आहे.

सुरांच्या पट्ट्या असलेले वाद्य नेहमीच वादकाच्या मालकीचे किंवा हलवता येण्याजोगे नसे. युरोपातला मोठा ऑर्गन चर्चच्या इमारतीचाच भाग असे. बाख 1703 मध्ये आर्नश्टाटला आणि 1707 मध्ये म्युलहाउझनला ऑर्गनवादक म्हणून रुजू झाला, तेव्हा वाद्य तेथे उभेच होते. वादक त्याच्याकडे जाई, ते वादकाकडे येत नसे. जे हलत नाही ते मागून नेण्याचा प्रश्नच नव्हता. 1842 मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले आणि हे वाद्य बैठकीच्या खोलीत मावू लागले, तरी भाता पायानेच हलवावा लागे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाचा भाता काढून मागच्या बाजूला हाताचा बसवला. वाद्य जमिनीवर आले, मांडी घालून वाजू लागले आणि काखेत किंवा डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी नेता येऊ लागले. मागता येण्याजोगी पेटी खऱ्या अर्थाने तेव्हा जन्मली.

मालकीला धर्मशास्त्राचा शब्द ‘स्वत्व’. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (1076–1126) याच्या काळात कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. स्वत्व शास्त्रावरून कळते की लोकव्यवहारावरून, हा वाद त्याने तिच्यात सविस्तर चर्चिला आहे. त्याचा कौल लोकव्यवहाराच्या बाजूने पडतो. ज्यांच्या कानावर शास्त्र कधी गेले नाही असे लोकही खरेदी-विक्री करतातच, तेव्हा आपले आणि परके हे त्यांना शास्त्राशिवायच कळते, असा त्याचा मुद्दा आहे. हा निर्णय दिसतो त्याहून धीट आहे. मालकी ही लोकांनी मानण्याची बाब ठरली, की वाडीतली माणसे पेटीबद्दल जे बोलतात ते अज्ञान म्हणून झटकता येत नाही. त्यांची तीन उत्तरे हाच पुरावा होतो.

मागून आणलेल्या वस्तूला याच ग्रंथपरंपरेत ‘याचित’ म्हणतात. लग्नकार्यासाठी दुसऱ्याकडून आणलेली वस्त्रे आणि अलंकार हे मिताक्षरेतले त्याचे उदाहरण. अशा वस्तूला ठेवीचेच नियम लागू होतात. राजाने नेली, दैवी आपत्तीत गेली किंवा चोरांनी लांबवली, तर आणणाऱ्यावर भरपाई नाही. मात्र मालकाने परत मागितल्यावर दिली नाही आणि मग ती गेली, तर किंमतही भरायची आणि तितकाच दंडही. दोष वस्तू गमावण्यात नसून मागणी झाल्यावर ती धरून ठेवण्यात आहे, हा विचार आजही पटणारा आहे. आमच्या कार्यक्रमापुरती राहू दे, असे म्हणत दोन महिने पेटी न देणाऱ्याला मंडळ जे ऐकवते, त्याचा आशय याहून निराळा नसतो.

मराठीने इथे एक बारीक भेद राखला आहे. साखर उसनी आणतात आणि फेडताना दुसरी साखर देतात. पेटी मागून आणतात आणि तीच परत करतात. रोमन कायद्यातही खाऊन संपणाऱ्या वस्तूचे कर्ज आणि वापरायला दिलेली वस्तू असे दोन वेगळे व्यवहार होते. पण पेटी तीच परत येते, हे कितपत खरे? पेटीचा सूर पितळी पत्तीच्या कंपनातून निघतो. सूर लावणारा कारागीर पत्ती टोकाशी किंचित घासतो तेव्हा स्वर चढतो, मुळाशी घासतो तेव्हा उतरतो. घासलेले पितळ परत भरता येत नाही. म्हणजे दर वेळी सूर लावताना पेटी कणभर खर्च होते, साखरेसारखी, फक्त फार सावकाश. त्यात काही जाणकार वादक एका ठरावीक पट्टीचा षड्ज धरून शुद्ध गांधार नैसर्गिक श्रुतीला लावून घेतात. काळी दोनच्या गायकासाठी जुळवलेली अशी पेटी पांढरी चारच्या बुवांकडे गेली, तर तिचे सूर त्यांच्या गळ्याला टोचतात. त्यांनी ती आपल्या सोयीने लावून घेतली आणि परत केली, तर मालकाला पेटी मिळते, त्याचा गांधार मिळत नाही. लाकूड, भाता आणि पट्ट्या जशाच्या तशा असतात, त्यामुळे नुकसान झाले असे पंचांसमोर सिद्ध करणे अवघड.

उलट न वाजवताही पेटी टिकत नाही. पावसाळी हवेने पट्ट्या फुगून अडकतात, पत्त्यांवर हिरवट थर चढतो, भात्याची घडी आखडते. कपाटात बंद पेटी मालकाची राहते, वाद्य राहत नाही. दागिना आणि पेटी यांच्यात हा मोठा फरक आहे. दागिना वापरायला न देणारा त्याची झीज वाचवतो. पेटी न देणारा बहुधा तिचा आवाज घालवतो.

मग पेटी मंडळाला कायमची देऊन टाकली तर? धर्मशास्त्रकार इथे दान आणि उत्सर्ग वेगळे करतात. दानात देणाऱ्याचे स्वत्व सुटते आणि घेणाऱ्याचे उत्पन्न होते. उत्सर्गात देणारा स्वत्व सोडतो, पण समोर एक घेणारा नसतो. विहीर, तळे, बाग सर्वांसाठी सोडली जाते. म्हणूनच तळे सोडणारा स्वतः त्याचे पाणी पिऊ शकतो: ते त्याचे म्हणून नव्हे, सर्वांपैकी तोही एक म्हणून. बुवांनी मंडळाला दिलेली पेटी पुढे बुवाच वाजवत राहतात तेव्हा ती अशीच उत्सर्गाच्या जवळ जाते. दिलेले परत घेतले, असे त्यांना कोणी म्हणत नाही.

देवाची पेटी म्हणजे काय, हे याहून कठीण. मीमांसक शबरस्वामींनी जैमिनिसूत्रांवरील भाष्यात देवाचे गाव, देवाचे शेत हे बोलणे लाक्षणिक ठरवले आहे. ज्याचा विनियोग आपल्या इच्छेने करता येतो ते आपले. देवता गावाचा किंवा शेताचा असा विनियोग करत नाही. देवतेला उद्देशून जे सोडलेले असते त्यावर तिच्या सेवेकऱ्यांचा निर्वाह होतो, इतकेच. न्यायालयांनी पुढे वेगळी वाट धरली. 1925 च्या मल्लिक खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने देवमूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले आणि देवाच्या नावे मालमत्ता असणे हे नुसते बोलणे उरले नाही. मीमांसकांचे म्हणणे तरीही पेटीच्या बाबतीत जास्त नेमके वाटते. देव पेटी वाजवत नाही. देवाच्या नावाने सोडलेली पेटी वाजवणाऱ्यांची सोय करते. फक्त देवाची म्हटल्यावर तिला पाय लागत नाही आणि दसऱ्याला तिच्यावर झेंडूचा हार चढतो, हा फरक शब्दांपुरता नाही.

मालकीचा त्याग करावा का, याचे उत्तर योगपरंपरेने अपरिग्रहाच्या रूपाने दिले. योगसूत्रांवरील व्यासभाष्य वस्तू जवळ बाळगण्यातले पाच दोष सांगते: ती मिळवण्याचे कष्ट, ती राखण्याची चिंता, तिचा क्षय, तिच्यात गुंतलेले मन आणि तिच्यापायी घडणारी हिंसा. जैनांचे तत्त्वार्थसूत्र आणखी आत जाते. त्याच्या मते परिग्रह वस्तूत नाही, मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत आहे. (संगीतातली ‘मूर्च्छना’ही याच धातूतून आली आहे, हे वाचून पेटीवाले हसतील.) पेटीला हे पाच दोष लावून पाहिले तर सामाईक मालकीचे खरे दुखणे हाती लागते. वर्गणी काढली की मिळवण्याचे कष्ट वाटले जातात. झीज साऱ्यांच्या नावे पडते. जीव गुंतायचा तर सगळ्यांचाच थोडाथोडा गुंततो आणि भांडण झाले तर तेही वाटून होते. राखण मात्र वाटली जात नाही. उंदीर, वाळवी आणि ओल यांपासून पेटी जपायला कोणाचे तरी एक घर लागते. मंडळाच्या पेट्या बहुधा फुटतात त्या भांडणाने नव्हे, पाळीपाळीने ठेवण्याच्या ठरावाने. अपरिग्रहाचा उपदेश वस्तू सोडणाऱ्याला उद्देशून आहे. सोडलेली वस्तू उद्यापासून कोण जपणार, याकडे त्याचे लक्ष नाही, आणि संन्याशाच्या शास्त्राकडून ती अपेक्षाही करू नये.

सिंथेसायझरने प्रश्नाला नवा फाटा फोडला. 1970 च्या मिनीमूगला स्मृती नव्हती. बटणे फिरवून जमवलेला आवाज बटणे हलली की गेला, म्हणून वादक मांडणी कागदावर उतरवून ठेवत. मागून नेणारा रिकामेच यंत्र नेत असे. 1978 च्या प्रॉफेट-5 मध्ये चाळीस टोन साठवता येऊ लागले, 1983 च्या यामाहा डीएक्स-7 मध्ये बत्तीस. तेव्हापासून कीबोर्ड वापरायला दिला की त्यात मालकाचे महिनोन्महिन्यांचे कामही जाते. घेणाऱ्याने चुकून एका टोनच्या जागी दुसरा साठवला, तर यंत्र सुखरूप परत येते आणि काम पुसलेले असते. गांधाराचीच गोष्ट पुन्हा. याउलट टोनची नक्कल करून दिली तर देणाऱ्याचे काहीच उणे होत नाही. याचित, दान आणि उत्सर्ग ही तिन्ही मापे देणाऱ्याकडून काहीतरी सुटते असे धरून चालतात. नक्कल दिल्याने काहीच सुटत नाही, तेव्हा तिला यांपैकी कोणतेच नाव नीट बसत नाही. वाटून घ्यायला अवघड वस्तू अजूनही पट्ट्यांचे खोके हीच आहे, कारण एका रात्री ते एकाच मांडवात असू शकते.

विसर्जन झाले की वाडीतली पेटी तिच्या नेहमीच्या घरी परतते. दोन दिवसांनी ऊन पडले तर घरातला माणूस वरचे झाकण काढून ती पडवीत ठेवतो, अडकलेल्या पट्ट्या एकेक उचलून पाहतो आणि सुती फडक्याने पुसतो. मंडळाच्या डेडस्टॉक रजिस्टरात पेटी एक, मृदंग दोन, झांजा इतक्या जोड्या अशी नोंद असते. या माणसासाठी त्यात रकाना नाही.