उन्हाळ्यातील लहान आनंद आणि प्रभूचे आमंत्रण



वैशाखाचे ऊन तापले आहे. सकाळी दहा-अकरानंतर आपल्या शिंदखेड्याच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. बुराई नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. पारा 43-44 अंशांपर्यंत जातो, विहिरी तळ गाठतात आणि कपाशीचे बियाणे, खत, मुलांची फी यांचा हिशेब रात्री झोप लागू देत नाही. अशा दिवसांत फादरांनी आनंदावर बोलावे, हे तुमच्यापैकी काहींना विचित्र वाटेल. "फादर, आधी पाऊस पडू द्या, मग आनंदाचे बघू," असे कुणी म्हणाले तर मला राग येणार नाही.

पण एक गोष्ट पाहा. याच दिवसांत बहावा फुलतो. पाने गळालेली, जमीन भेगाळलेली आणि त्या झाडावर पिवळ्या फुलांचे घोस लोंबत असतात. गुलमोहर लाल होतो. संध्याकाळी कुणाच्या तरी अंगणातून मोगऱ्याचा वास येतो. गच्चीवर कुरडया, पापड, बिबडे वाळत घातलेले असतात आणि ते करायला शेजारच्या चार जणी आलेल्या असतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. आखाजीला शेजारच्या घरी लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात आणि खापरावरच्या पुरणपोळीबरोबर आमरसाची वाटी आपल्याही घरी येते. देवाने आनंद पावसाळ्यापर्यंत राखून ठेवलेला नाही. तो भर उन्हातही देतो. आपण तो घेतो का, एवढाच प्रश्न आहे.

प्रभूने आनंदाची गोष्ट कधी काढली?

योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आपण पुनरुत्थानकाळात ऐकतो. उपासनेच्या 'ब' वर्षात पाचव्या आणि सहाव्या रविवारी तो लागोपाठ वाचला जातो. या एका अध्यायात प्रभू येशू तीन गोष्टी सांगतो. पहिली, आपला पिता हा मळ्याची निगा राखणारा आहे. तो फळ देणारी फांदी छाटतो, ती अधिक फळावी म्हणून. दुसरी, प्रभूचा आनंद आपल्यात असावा आणि तो भरून वाहावा. तिसरी, तो आपल्याला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो.

मळा, आनंद आणि मैत्री. ऐकायला किती प्रसन्न! पण हे शब्द प्रभूने कोणत्या रात्री उच्चारले, हे आपण विसरतो. ती शेवटच्या भोजनाची रात्र होती. यहूदा बाहेर पडला होता. काही तासांत अटक होणार होती आणि दुसऱ्या दिवशी क्रूस होता. प्रभूला हे सर्व ठाऊक होते. तरीही तो म्हणाला नाही की आधी हे संकट टळू द्या, मग आनंदाचे बोलू. संकट दाराशी उभे असताना त्याने आपल्या मित्रांना आनंद दिला. म्हणून ख्रिस्ती आनंद म्हणजे अडचणी संपल्यावर मिळणारे बक्षीस नव्हे. अडचणीतून चालण्यासाठी दिलेली ती शिदोरी आहे.

कुंडीतला मोगरा

आपल्यापैकी अनेकांच्या दारात मोगरा आहे. कुणाचा जमिनीत, कुणाचा फुटक्या बादलीत. ज्या माऊलीने तो जपला आहे तिला विचारा, ती सांगेल की थंडीत मोगरा छाटावा लागतो. पाने काढावी लागतात, पाणी थोडे दिवस तोडावे लागते. त्या वेळी झाड केविलवाणे दिसते. पण ज्याने छाटायला माया दाखवली नाही, त्याच्या मोगऱ्याला उन्हाळ्यात पाने भरपूर आणि फुले मोजकी येतात. प्रभूने सांगितलेली छाटणी समजायला आपल्याला द्राक्षमळ्यापर्यंत जायची गरज नाही.

आता पाण्याची टंचाई. तरीही झाडे जगतात. भांडी विसळलेले पाणी कुंडीत जाते, मातीवर पालापाचोळ्याचा थर घातला जातो म्हणजे ओल टिकते, पाणी दुपारी न घालता संध्याकाळी घातले जाते. हे लहान काम आहे, पण ते प्रार्थनेच्या फार जवळचे आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने माणसाला सर्वांत आधी बागेत ठेवले आणि तिची मशागत व राखण करायला सांगितले. आणि पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया मग्दालियाने प्रभूला पाहिले तेव्हा तिला तो माळी वाटला. ती चुकली, असे आपण म्हणतो. पण फार चुकली नाही. थडग्याजवळच्या त्या बागेत मेलेल्या आशेला पुन्हा पालवी फोडणारा तोच होता.

मे महिना पवित्र मरियेचा. संध्याकाळच्या जपमाळेला येताना आपल्या झाडाची दोन फुले तिच्या वेदीवर आणून ठेवा. बाजारच्या मोठ्या हारापेक्षा खरकट्या पाण्यावर वाढवलेली ती दोन फुले त्या माऊलीला नक्की ओळखू येतील.

पोप फ्रान्सिस यांच्या 24 मे 2015 या तारखेच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीच्या मोठ्या प्रश्नांबरोबर एक अगदी घरगुती सूचना आहे: जेवणाआधी आणि जेवणानंतर क्षणभर थांबून देवाचे आभार माना. आमरसाची वाटी उचलण्याआधीचा तो एक क्षण, आंबा पिकवणाऱ्याची आणि देवाची आठवण. एवढ्यानेच चव बदलते.

धरणगावचा मुलगा आणि नगरचे घर

आता मैत्रीविषयी. आपल्या स्टेशनावरून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलो की नरडाणा, अमळनेर मागे पडते आणि धरणगाव येते. या धरणगावात 13 ऑगस्ट 1890 रोजी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म झाला. शाळेच्या पुस्तकामुळे आपण त्यांना 'बालकवी' म्हणून ओळखतो. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरले, तेव्हा या कोवळ्या वयाच्या मुलाच्या कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ते नाव दिले. पुढे तो नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरी राहिला.

टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला होता. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, पण मराठीतून प्रभूची भक्ती कशी करावी हे त्यांच्याकडून सर्व ख्रिस्ती लोकांनी शिकावे. ब्राह्मण घरातला मुलगा ख्रिस्ती घरात राहतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. वयात सुमारे 29 वर्षांचे अंतर. धर्म वेगळा. ठोमरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. तरी लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखे सांभाळले, त्यांचे रुसवेफुगवे काढले. 'स्मृतिचित्रे' हे लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचणाऱ्याला ही माया ठाऊक आहे.

बालकवींनी फुलांची, झऱ्यांची, श्रावणाची गाणी लिहिली. पण त्यांच्या कवितेत खोल उदासीही आहे. ज्याला आनंद इतका स्पष्ट दिसतो, त्यालाही एकट्याने तो पेलत नाही. त्याला सोबत लागते, एक ताट लागते, रुसल्यावर समजूत काढणारे कुणी लागते. 5 मे 1918 रोजी, जळगावच्या पुढे भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले. वय अवघे 27. पुढच्याच वर्षी, 9 मे 1919 रोजी, टिळकही गेले. त्या घरात एकत्र काढलेले दिवस थोडेच होते. ते वेळेवर काढले गेले, हेच महत्त्वाचे.

जुन्या करारात बेन सिराच्या ग्रंथाचा सहावा अध्याय विश्वासू मित्राला भक्कम आसरा आणि मोल न होणारा ठेवा मानतो. आपल्या भाषेत सांगायचे तर असा मित्र म्हणजे वैशाखातली सावली.

छायाचित्र

सावलीवरून आठवले. फोटोला आपण मराठीत छायाचित्र म्हणतो. 1826-27 च्या सुमारास फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स या गृहस्थांनी आपल्या खिडकीतून दिसणारे दृश्य धातूच्या पत्र्यावर उमटवले. कॅमेऱ्याने टिपलेले आणि आजवर टिकलेले ते सर्वांत जुने चित्र मानतात. त्यासाठी कित्येक तास प्रकाश आत येऊ द्यावा लागला. आज आपल्या खिशातला मोबाइल डोळ्याची पापणी लवण्याआधी फोटो काढतो. लग्नाचे, वाढदिवसाचे, बहाव्याचेसुद्धा शेकडो फोटो आपल्याजवळ असतात. पण ज्याचा फोटो काढला त्याच्याकडे आपण नीट पाहिले का? प्रभू येशूने रानातल्या फुलांकडे लक्ष देऊन पाहायला सांगितले. पाहणे हीसुद्धा भक्ती आहे.

इथे एका घराची गोष्ट सांगतो. ती आपल्या गावची नाही. माझ्या आधीच्या धर्मग्रामातली आहे. मे महिन्यात मी घरांना आशीर्वाद देत फिरत होतो. एका शेतकरी दादांच्या भिंतीवर त्यांच्या तरुणपणीचा फोटो होता. चौकट रुंद आणि फोटो अरुंद, म्हणून मी सहज विचारले. ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, अर्धा फोटो मागे दुमडला आहे. शेजारी माझा मित्र उभा होता. बांधावरून भांडण झाले. अकरा वर्षे झाली, बोलणे नाही."

मी म्हणालो, "दादा, आज संध्याकाळी जाऊन या."

ते म्हणाले, "जातो फादर, पण आता नाही. पाऊस पडू द्या, पेरणी आटपू द्या. मग निवांत जातो."

मला ते पटले. पेरणीच्या धावपळीत कशाला, असे मलाही वाटले. मी मान हलवली आणि चहा घेऊन निघालो.

आषाढात त्यांचा मित्र वारला. मी मिस्सा अर्पण करायला गेलो तेव्हा दादा मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी तो फोटो चौकटीतून काढून उलगडून आणला होता. मधोमध घडीची पांढरी रेघ पडली होती. तो फोटो त्यांनी मित्राच्या मुलाच्या हातात दिला, काही बोलले नाहीत. त्या मुलाने त्यांना पाणी आणून दिले. एवढेच झाले. बांध आजही तिथेच आहे.

बंधुभगिनींनो, त्या दिवशी मी मान हलवली याची मला आजही टोचणी आहे. म्हणून आज मी तुम्हाला "पाऊस पडल्यावर" असे म्हणणार नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा. त्यात हंगाम सांगितलेला नाही.

आपल्या धर्मग्रामातही काही फोटो दुमडलेले असतील. एकाच बाकावर बसणारे, एकाच वेदीवरून परमप्रसाद घेणारे, पण बाहेर पडताना तोंड फिरवणारे. भांडणात चूक कुणाची, हे मी ठरवत नाही. काही जखमा एका भेटीत भरत नाहीत आणि काही ठिकाणी सांभाळूनच पाऊल टाकावे लागते, हेही मला कळते. पण पहिले पाऊल अवघड वाटत असेल, तर मोकळ्या हाताने जाऊ नका. ओंजळभर मोगरा न्या. चार बिबडे न्या. जुना फोटो सापडला तर तो न्या. देवाने हे लहान आनंद बहुधा याचसाठी दिले आहेत: जिथे शब्द सुचत नाहीत, तिथे हातात धरायला काहीतरी असावे.

येत्या रविवारी मिस्सेला येण्याआधी प्रत्येकाने एका घराचे दार वाजवावे, एवढीच माझी विनंती आहे.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभो, भर उन्हात बहावा फुलवणाऱ्या तुझे आम्ही आभार मानतो. आमच्या विहिरींना पाणी दे, शेतकऱ्यांच्या मनाला धीर दे. तू आम्हाला मित्र म्हटलेस. ज्यांना आम्ही मित्र म्हणणे सोडले आहे, त्यांच्याकडे जायचे बळ आम्हाला आजच दे. पवित्र मरिये, आमच्या माते, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.